गजूभाऊंच्या पिवळ्या टोप्या

अमरावतीच्या राजापेठेत माझं टायरचं दुकान आहे. दुकानात बसल्या बसल्या रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं बघायची मला सवय आहे. माणसं नंतर दिसतात, चाकं आधी. चाकात हवा भरायची जी बारकी नळी असते, तिच्या तोंडावर एक टोपी असते, बोटाच्या पेराहूनही लहान. बहुतेक ती काळी असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मी बघते. ती पिवळी असली, की गाडी अकोल्याला जाऊन आली हे मला कळतं आणि हातातला चहा निवून जातो.

पिवळी टोपी ही अकोल्याच्या गजूभाऊंची खूण. त्यांच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक चाकावर ते हळदीसारखी पिवळी टोपी चढवतात. अकोल्यात काय चढवायच्या त्या चढवाव्या. पण त्या टोप्या बडनेऱ्याचा पूल ओलांडून माझ्या दुकानासमोरून फिरायला लागल्या, तेव्हापासून मला त्यांचा त्रास आहे.

या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर मी सवयीप्रमाणे आधी मुद्दे काढले. गिऱ्हाइकांचे प्रकार, नवी यंत्रं, बाईनं टायरच्या धंद्यात असणं वगैरे. पण कुठलाही मुद्दा लिहायला घेतला तरी तो फिरून गजूभाऊंपाशी जाऊन थांबायचा. शेवटी बाकीचे मुद्दे खोडले. हा एकच ठेवला.

दुकान मुळात माझ्या सासऱ्यांचं, पंक्चर काढायचं. मिस्टर वीज कंपनीत नोकरीला, त्यांना ग्रीसचा वास सहन होत नाही. मला होतो. सासऱ्यांच्या हाताखाली शिकले, चाकं सरळ करायचं अलाइनमेंटचं मशीन घेतलं, आणि पुढे ज्या कामाचं नाव झालं ते म्हणजे बसवलेल्या गाड्यांची चाकं.

‘बसवलेली गाडी’ म्हणजे काय ते सांगते. उंच गाडीच्या मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातल्या, की गाडीचं धड खाली येतं. ती दबा धरून बसल्यासारखी दिसते, आणि तरण्या पोरांना तेच हवं असतं. पण धड खाली आलं म्हणजे टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामधली जागा कमी झाली. आता त्या उरलेल्या जागेत कोणतं चाक घालायचं? लोक दिसण्यावरून ठरवतात. मी मापावरून ठरवते.

रिम म्हणजे मधली धातूची चकती, टायर म्हणजे तिच्याभोवतीचं रबर. रिम मोठी घेतली तर टायर तेवढा बुटका घ्यायचा, म्हणजे चाकाची एकूण उंची कंपनीनं दिली तेवढीच राहते. ती बदलली तर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत रबराची जी उभी बाजू दिसते, तिला मी टायरचा गाल म्हणते. पोरांना गाल बसलेला टायर आवडतो. आपल्या रस्त्यांना आवडत नाही. वऱ्हाडात प्रत्येक गाव आपापल्या मापाचा गतिरोधक बांधतं. एखादा तर असा, की त्यावर रोप लावलं तर बांध म्हणून चालेल. बुटक्या गालाचा टायर त्यावर आदळला, की धक्का सरळ रिमला. शिवाय रिम किती आत किंवा किती बाहेर बसते तेही बघावं लागतं. बाहेर आली तर वळताना मडगार्डला घासते, आत गेली तर आतल्या भागांना. टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा टायरवरच छापलेला असतो. गाडी खाली आली म्हणून तिचं वजन कमी झालेलं नसतं, हे मला अजूनही समजावून सांगावं लागतं. आणि चार चाकं बदलली तर पाचवं, म्हणजे स्टेपनीही त्याच मापाची घ्यायची. ते कोणी घेत नाही.

माझी तपासायची रीत ठरलेली आहे. रिकाम्या गाडीत माप घ्यायचं नाही. शेजारच्या पशुखाद्याच्या दुकानातून ढेपेची पोती आणते, सीटांवर ठेवते, गाडी दबली की स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवते, मग दुसऱ्या. प्रत्येक चाकाभोवती हात फिरला पाहिजे. काय काय तपासायचं ते भिंतीवर बोर्डावर लिहून ठेवलंय. शेवटची ओळ आहे, ‘येथे चहा मिळत नाही.’ त्यात वेळ जातो. गिऱ्हाइकं बोर्ड वाचून म्हणतात, “ताई, गाडी घेऊन आलो ना वं, पेपर द्याले नाई आलो.”

आता बंटीभाऊंची गोष्ट. एका पुढाऱ्याचे भाचे. काळी, बसवलेली गाडी घेऊन आले. दार उघडायच्या आधी गाडीतल्या गाण्याचा आवाज दुकानात आला.

“ताई, चाक बाहेर पायजे,” ते म्हणाले. “बाजूनं गेलेल्या मानसाले समजलं पायजे, कोन गेलं.”

“चाक बाहेर आलं तर मडगार्ड टायरला कापेल. पावसात चिखल खिडकीपर्यंत उडेल. आणि गाडीच्या कागदात बसत नसेल तर आरटीओ थांबवतील, विम्याची भानगड होईल ती वेगळीच.”

“आरटीओले मामा पाह्यतीन. तुमी चाकाचं बोला.”

“चाकाचंच बोलते आहे. बेअरिंग लवकर जाईल.”

मी बोर्डावरचं एकेक कारण सांगत गेले आणि बंटीभाऊ एकेक पाऊल मागे सरकत गेले. शेवटचं कारण सांगेपर्यंत ते गाडीत बसले होते.

काही दिवसांनी मुद्दाम माझ्या दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला. चाकांवर पिवळ्या टोप्या. मी खाली वाकून पाहिलं. रिमा मडगार्डच्या आतच होत्या, मी सांगितल्या होत्या त्याहूनही बोटभर आत.

“गजूभाऊंनी बाहेर काढून नाही दिली?” मी विचारलं.

“नाईच म्हनलं ना त्याईनं! पन कसं म्हनलं सांगू काय? मले खांद्याले धरून दूर नेलं, गाडी दाखवली, अन् म्हने, ‘बंटीभाऊ, वाघ बसते तं पंजे पोटाखाली घेऊन बसते. बाहेर पसरून कोन बसते? बेंडूक.’” आणि ते स्वतःच खो खो हसले. “मंग म्हनलं, घ्या बाप्पा आत!”

मी जे सांगितलं तेच गजूभाऊंनी सांगितलं. माझ्याकडे कारणं होती, त्यांच्याकडे बेडूक होता.

त्यानंतर एका लग्नाला अकोल्याला जाणं झालं. कार्यालय त्यांच्या दुकानाच्या जवळच निघालं. जेवणाला अजून वेळ होता. मी रस्त्याच्या पलीकडे एका झाडाखाली उभी राहून बघत होते. दुकान माझ्यापेक्षा मोठं, दिवसाही दिवे लावलेले, रिमा भिंतीवर आरशासारख्या टांगलेल्या. गजूभाऊ पांढऱ्या शर्टात, मेंदी लावलेल्या मिशांचे, खुर्चीत बसलेले नाहीत तर रस्त्याच्या मध्यभागी उभे. एक गाडी त्यांच्यापुढे मागेपुढे होत होती आणि ते डोळे बारीक करून बघत होते. हातात टेप नाही, काही नाही. गाडीत अख्खं कुटुंब बसलेलं. म्हातारा पुढे, बाया मागे, पोरं खिडकीतून बाहेर. ओळखायला मला थोडा वेळ लागला, पण ही पोत्यांची जागा होती. मी ढेप ठेवते, ते माणसं ठेवतात.

“ओ अमरावतीच्या ताई!” ते ओरडले. कसं ओळखलं देव जाणे. “उनात उभ्या काहून राह्यल्या? या ना. चहा घ्या.”

जाणं भाग पडलं. काठापदराची साडी नेसून मी त्यांच्या दुकानात चहा प्यायले. चहा चांगला होता.

“तुमचं अलाइनमेंट लय नामी हाय,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “तुमच्याइथून आलेली गाडी मी चालवून पाह्यतो ना ताई. हात सोडला तरी सरळ जाते, ससुरालले निघाल्यावानी.”

दुकानातले सगळे हसले. मी म्हणाले, “मशीन चांगलं आहे.”

“मशीन तं मायाजवळबी हाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे झुकून, अगदी सहज, “तुमी म्हने पोते भरून पाह्यता. बराबर हाय. पन पोतं काही बोलत नाई ना ताई.”

लग्नात मी नीट जेवले नाही. एखादा कपटी असता, कामात कच्चा असता, तर मला बरं पडलं असतं. हा माणूस माझी स्तुती करत होता आणि ती खरी होती. त्याची स्तुती मला करता येत नव्हती आणि तीही खरीच असती.

आता ज्या गाडीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

माझं माहेर मूर्तिजापूरजवळ. बागायतीची माणसं आम्ही. वांगी, कोबी, झेंडू. माझ्या धाकट्या भावानं, दिनेशनं, मळ्यात आणि बाजारात दोन्हीकडे चालेल अशी मोठी उंच गाडी घेतली. सगळं छान, पण आईचे गुडघे गेलेले. तिला त्या गाडीत चढता येईना. दिनेशनं खाली पायदान लावून घेतलं. त्यावर पाय ठेवताना एकदा तिची चप्पल निसटली आणि तिनं ठरवलं, गाडी नको. आईचं रिद्धपूरला दर्शनाला जाणं हे वर्षानुवर्षांचं. त्या वर्षी ती म्हणाली, “मी घरूनच हात जोडतो.” (आमच्याकडे जुन्या बाया ‘जातो, करतो’ असंच बोलतात.)

बाबांना ते लागलं. दिनेशनं मला फोन केला, “ताई, गाडी बसवली तं आईचा पाय पुरन काय?”

“पुरेल. पण स्प्रिंगा बदलल्यावर चाकंही बघावी लागतील. मी कळवते.”

त्याच दिवशी मी सगळं लिहून मोबाइलवर पाठवलं. रिम किती, टायर किती, गाल किती, वजनाचा आकडा, स्टेपनी, गाडीच्या कागदांचं काय बघायचं तेही. आणि वाट बघत राहिले. मूर्तिजापूर हे अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये. गावाच्या फाट्यावर आलं की एकीकडे वळलं तर मी, दुसरीकडे वळलं तर गजूभाऊ. गाडी कुठे वळणार याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

मग एक दिवस दुपारी वहिनीचं स्टेटस बघितलं. फोटोत आई प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात चहाचा कप. बाजूला दिनेशची गाडी, खाली बसलेली, नव्या काळ्या रिमांची. आईचा हात टायरवर, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मी फोटो बोटांनी मोठा केला. पिवळी टोपी.

त्यातही वाईट काय, तर सगळे गेले होते. आई, बाबा, दिनेश, वहिनी, पोरं. जत्रेला जावं तसे. माझ्या दुकानात आई आजवर एकदाच आली होती, मशीनच्या उद्घाटनाला, आणि तेव्हाही उभीच होती, कारण मी खुर्च्या ठेवत नाही.

दिनेशला फोन लावला. तो म्हणाला, “बाबाले विचार ना ताई.” बाबांना लावला. ते म्हणाले, “मंग सांगतो, मी पान्याची मोटर चालू कराले आलो.” आणि ठेवला. मी त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या रिमा उतरवून पुसायला लावल्या आणि परत टांगायला लावल्या.

मग एका सकाळी ती गाडी माझ्या दारात उभी राहिली. सगळे रिद्धपूरला निघाले होते, वाट अमरावतीवरूनच. बाबांनी खिडकीतून हात काढून आधी एक पोतं खाली सोडलं. वांगी. बाबा माझ्याकडे रिकाम्या हातानं कधीच आले नाहीत. घोटभर पाणी प्यायचं असलं तरी आधी भाजीचं पोतं घरात जातं, मग ते उंबरा ओलांडतात. लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा जुना धडा. मला तो इतका पाठ आहे की मी त्याच्याकडे बघतही नव्हते.

“अलाइनमेंट करून दे बाई,” बाबा म्हणाले. “गजूभाऊनं सांगतलं, स्प्रिंगा बसल्या की एकडाव करा लागते. म्हने, थे काम अमरावतीलेच करा, तुमच्या पोरीचा हात सरळ हाय.”

म्हणजे माझ्या बापाला माझ्याकडे गजूभाऊंनी पाठवलं होतं.

“कोणी उतरू नका,” मी म्हणाले. “भरली गाडी बघते.”

“शोभे, देवाले जायचं हाय वं,” आतून आई.

“देव कुठे जात नाही.”

मी खाली वाकले. खरं सांगते, मी चूक शोधत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं. हात सगळीकडे फिरला. वजनाचा आकडा बरोबर. गाल मजबूत, गतिरोधकाला पुरेल असा. मागे जाऊन स्टेपनी खाली उतरवली. इथे तरी जुनं चाक असेल म्हटलं. नवीन, चारही चाकांसारखीच. परत चढवली. मग पुढच्या टायरवरचे आकडे वाचले आणि माझ्या अंगात हुशारी आली.

“टायर लहान दिलाय!” मी ओरडलेच. “मी पाठवलेलं माप हे नाही. दिनेश, याची उंची कमी आहे. स्पीडोमीटर खोटं दाखवेल.”

“हो, थे म्हनलं त्याईनं,” दिनेश शांतपणे म्हणाला. “तुयी यादी दाखवली ना. म्हने, ताईनं लिहेल सारं बराबर हाय, तसंच करतो. मंग आईले चढवलं, उतरवलं. पाय थोडासाच अधांतरी राहे. तं म्हने, टायर बोटभर बुटका घेऊ. काटा थोडा जादा दाखवन, म्हनजे तू हळूच चालवशीन.”

मी काही म्हणायच्या आत मागचं दार उघडलं.

“मले पानी पायजे,” म्हणत आईनं एक पाय बाहेर काढला. दिनेश हात द्यायला धावला, तिनं तो झटकला. पाऊल जमिनीला पूर्ण टेकलं. मग दुसरं. आणि ती माझ्या दुकानाच्या फरशीवर कोणाला न धरता उभी राहिली, पदर सारखा करत, जशी काही रोजच उतरते.

मी पाण्याचा तांब्या दिला. आतून खुर्ची आणून दिली. हिशेब लिहायला मी बसते ती एकच खुर्ची. माझं प्रत्येक माप बरोबर होतं. पण आईला गाडीत बसवून, उतरवून बघावं हे मला सुचलं नाही. तिच्या गुडघ्यांसाठीच गाडी बसवली होती आणि माझ्या यादीत गुडघेच नव्हते. ते त्या मेंदीच्या मिशांना सुचलं. आई पाणी पीत होती, मला तिच्याकडे बघून बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी पोटात जळत होतं. दोन्ही एकदम होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी मशीनवर घेतली. काम चालू असताना बाबांना विचारलंच, “अकोल्याला काहून गेले होते?”

रागात माझीही भाषा माहेरची होते.

बाबा बोर्ड वाचत होते. “तू मायाकडून पैशे घेतले असते काय?”

“तुमच्याकडून? नाही.”

“मंग?” ते म्हणाले. “पाच चाकं लेकीच्या घरून फुकट आनू? तेवढे वांगे मायाजवळ नाई, बाई.”

मशीनच्या पडद्यावर चारही चाकांच्या रेषा हिरव्या झाल्या. मी टेबलापाशी गेले, बिलबुक काढलं आणि अलाइनमेंटचं पूर्ण बिल फाडलं. बाबांच्या पुढे धरलं. आजवर माहेरच्या माणसाला मी कधी बिल दिलं नव्हतं.

बाबांनी चष्मा लावून ते वाचलं. चेहरा कडक झाला. मला वाटलं, चुकलं. मग ते म्हणाले, “हे तं जादा हाय.”

“सगळ्यांना हेच आहे.”

“अकोल्याले कमी घेतात.”

“मग अकोल्याला जा.”

“अन् तथी चहाबी भेटते.”

“बोर्ड वाचला ना?”

“वाचला. खराब बोर्ड हाय,” असं म्हणून बाबांनी खिशातून पैसे काढले, आणि ते इतक्या ऐटीत टेबलावर ठेवले, की मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत ते माझ्या दुकानात पहिल्यांदा मोकळे दिसले. शेजारच्या टपरीवर मीच चहा सांगितला.

सगळे चहा पीत असताना मी गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही पिवळ्या टोप्या काढून खिशात टाकल्या आणि माझ्या डब्यातल्या काळ्या लावल्या. वाटलं, कोणाच्या लक्षात येणार?

निघताना बाबा चाकाशी थांबले. “अन् पिवळ्या टोप्या कोठी गेल्या?”

“खराब झाल्या होत्या.”

“चारई?”

“ऊन लागलं असेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. “मंग नव्याचे पैशे बिलात लावाचे ना,” म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. आई त्यांच्याआधीच चढली होती.

गाडी रस्त्याला लागली. मागून बघताना ती मला दिसली तशी सांगते: देखणी. काळ्या रिमा, खाली बसलेलं धड, पंजे पोटाखाली. मी टोप्या ड्रॉवरमध्ये टाकल्या, बिलबुक जागेवर ठेवलं आणि सवयीनं बोर्डाकडे नजर गेली. चाकांच्या ओळीत शेवटचा शब्द: स्टेपनी.

मघाशी तीच तर मी खाली उतरवली होती, नवी आहे हे पाहिलं होतं आणि चूक सापडली नाही या रागात परत चढवून दिली होती. पाचवी पिवळी टोपी माझ्या आईच्या खाली, रिद्धपूरच्या रस्त्याला लागली होती.

पण टायर काही काळानं आलटून पालटून फिरवावे लागतात, आणि तेव्हा स्टेपनीही बाहेर निघते. मी दिनेशला लगेच मेसेज केला. टायर फिरवायला गाडी इकडेच आणायची, बिल पूर्ण लागेल, आईला सोबत आणायचं.

उत्तर आलं, “बाबा विचारून राह्यले, चहा भेटन काय?”

मी लिहिलं, “भेटेल. अकोल्यापेक्षा चांगला.”